जुना मॉनिटर पिवळट, पुसट दिसतोय? टाकण्याआधी हे तपासा

परळच्या आमच्या अभ्यासिकेत ऑफिसांनी बदललेले जुने मॉनिटर येतात. कुठे १७ इंची चौकोनी, कुठे १८.५ इंची रुंद, आणि बऱ्याच जणांना फक्त व्हीजीएचं, म्हणजे १५ पिनांचं जुन्या पद्धतीचं सॉकेट. त्यातले कुठले मुलांच्या टेबलावर लावायचे आणि कुठले परत करायचे, हे बघायचं काम माझ्याकडे असतं. त्यामुळे ओळखीपाळखीचेही विचारतात: "मॉनिटर पिवळा पडलाय, अक्षरं फुटतात, डोळे दुखतात. टाकू का?" पावसाळ्यात तर हे विचारणं जरा वाढतंच. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

माझं मत स्पष्ट आहे. पुसट अक्षरं, विटके रंग, काळपट कोपरे या तक्रारींमध्ये पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारी काच, बहुतेक वेळा निर्दोष असतं. केबल, सेटिंग किंवा मॉनिटर ठेवायची जागा चुकलेली असते. जुन्या मॉनिटरचं खरं दुखणं म्हणजे पॅनेलला मागून उजेड देणारा, मंदावलेला दिवा. ते इतकं हळूहळू येतं की रोज बघणाऱ्याच्या डोळ्यांना कळतच नाही. तेव्हा आधी मॉनिटरला योग्य सिग्नल द्यायचा, मग त्याची परीक्षा घ्यायची.

दोष कुठला, हे आधी वेगळं करा

मॉनिटरवरचं मेनूचं बटण दाबा. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टची जी चौकट उमटते ती कॉम्प्युटरकडून येत नाही, मॉनिटर स्वतः काढतो. त्यामुळे ती फुकटात मिळालेली तपासणी आहे. मागचं चित्र पिवळं आणि मेनूतली पांढरी अक्षरं स्वच्छ पांढरी, असं असेल तर दिवा आणि पॅनेल ठीक आहेत. केबल, सेटिंग किंवा कॉम्प्युटरच्या ग्राफिक्सकडे, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाकडे बघा. मेनूही तितकाच मळकट दिसला, तर त्याच मेनूतून फॅक्टरी रिसेट करा आणि परत बघा. तरीही मळकटच राहिला तर दोष मॉनिटरच्या आत आहे. स्क्रीनवरची उभी रेघ मेनूच्या चौकटीवरूनही आरपार जात असेल, तर ती पॅनेलचीच.

पट्टे किंवा विचित्र ठिपके दिसत असताना एक स्क्रीनशॉट काढून फोनवर पाठवा. फोनवरही ते दिसले तर गडबड ग्राफिक्स कार्डात किंवा ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ड्रायव्हरमध्ये आहे आणि मॉनिटर बदलून काही होणार नाही. फोनवर स्वच्छ दिसलं तर कार्डाच्या सॉकेटपासून पुढे शोधा: सॉकेट, केबल, मॉनिटर. शेजाऱ्यांचा लॅपटॉप पाच मिनिटं जोडून बघितला तर हा घोळ आणखी लवकर सुटतो.

अक्षरं पुसट येतात

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच, आणि बहुतेक वेळा पूर्ण बरी होणारीही हीच.

एलसीडीचे, म्हणजे या सपाट मॉनिटरचे पिक्सेल (चित्राचे ठिपके) मोजून बसवलेले असतात. १७ आणि १९ इंची चौकोनी मॉनिटरचं मूळ रेझोल्यूशन, म्हणजे आडवे × उभे पिक्सेल, साधारणपणे १२८० × १०२४ असतं, १८.५ इंचीचं १३६६ × ७६८, २० इंची रुंदचं १६०० × ९००, जुन्या २२ इंचीचं १६८० × १०५० आणि २१.५ इंचीचं १९२० × १०८०. यापेक्षा वेगळा आकडा दिला की मॉनिटर चित्र ताणून बसवतो आणि अक्षरांच्या कडा पसरतात. १३६६ × ७६८ च्या पॅनेलवर १०२४ × ७६८ लावलेलं असलं तर गोल शिक्का अंड्यासारखा दिसतो, तेवढ्यावरूनही कळतं. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रेकमेंडेड लिहिलेला आकडा आणि मॉनिटरच्या मेनूत दिसणारा आकडा एकच आहे का ते पडताळा. जुने काही ग्राफिक्स ड्रायव्हर १३६६ ऐवजी १३६० देतात, कारण १३६६ ला ८ ने भाग जात नाही. अशा वेळी अक्षरं सगळीकडे सारखी पुसट होत नाहीत. कुठे ठळक, कुठे धुरकट असे उभे पट्टे पडतात. नवा ड्रायव्हर हाच उपाय.

योग्य रेझोल्यूशन यादीतच नसेल तर केबल बघा. व्हीजीएच्या १५ पिनांपैकी १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून मॉनिटर आपली ओळख कॉम्प्युटरला सांगतो. त्यातली एक वाकली किंवा हलक्या केबलमध्ये ती तारच जोडलेली नसली, तर विंडोज मॉनिटर ओळखत नाही आणि १०२४ × ७६८ वर अडकून बसतं. ९ नंबरची पिन मात्र अनेक चांगल्या केबलींमध्येही नसते, ती नाही म्हणून केबल फेकू नका.

आकडा बरोबर आहे तरी अक्षरं फुटतात? मग व्हीजीएचा गुण आडवा येतोय. व्हीजीएतून चित्र कमी-जास्त होणाऱ्या व्होल्टेजच्या रूपात येतं आणि कुठल्या क्षणी कुठला पिक्सेल वाचायचा हे मॉनिटरला अंदाजाने ठरवावं लागतं. अंदाज किंचित चुकला की एका पिक्सेलचा रंग शेजारच्यावर सांडतो. मेनूत याची दोन कलमं असतात, क्लॉक आणि फेज, आणि दोन्ही एकदम जुळवायला ऑटो नावाचं बटण.

पण ऑटो दाबताना स्क्रीनवर काय आहे याने फरक पडतो. काळोख्या वॉलपेपरवर दाबलं तर मॉनिटरला चित्राची कड कुठे आहे हेच कळत नाही. पेंटमध्ये एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघांचं चित्र करा, १०० टक्के झूमवर पूर्ण स्क्रीनभर उघडा आणि मग ऑटो दाबा. क्लॉक चुकलेला असेल तर या चित्रात रुंद उभे पट्टे पडलेले दिसतात. फेज चुकला असेल तर रेघा थरथरतात किंवा सगळा करडा गाळ होतो. ऑटोने पूर्ण जमलं नाही तर फेज एकेक घर हाताने सरकवा. रेघा स्थिर आणि टोकदार झाल्या की थांबा.

मराठी वाचणाऱ्यांसाठी माझी एक आवडती परीक्षा आहे. नोटपॅडमध्ये मंगल किंवा निर्मला फॉन्ट, १० चा आकार, झूम १००, आणि ही ओळ:

घर धर, भर मर, थवा यज्ञ, कर्म क्रम, षटकोन पटकन, अंग आग

हातभर अंतरावरून बघा. ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर शिरोरेषेत बारीक फट असते. ती बुजली की ध चा घ होतो आणि भ चा म. शिरोरेषा धारदार आहे, पण काना आणि उभ्या दांड्यांना उजवीकडे सावली आहे, तर दोष फेजचा किंवा केबलचा, कारण व्हीजीएची गळती आडव्या दिशेनेच होते. शिरोरेषाही जाड-मवाळ झाली असेल तर दोष रेझोल्यूशनचा. इंग्रजी अक्षरांपेक्षा आपल्या लिपीत हे चटकन पकडता येतं, कारण प्रत्येक शब्दावर एक लांब आडवी रेघ आयतीच मिळते. टायपिंगच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना रफार दिसला नाही तर चूक त्यांच्या नावावर पडते, म्हणून या तपासणीशिवाय मी एकही मॉनिटर टेबलावर लावत नाही.

हे सगळं जुळल्यावरच अक्षरांच्या कडा जुळवणारं विंडोजमधलं क्लिअरटाइप ट्यूनर चालवा. आधी चालवलं तर चुकीच्या चित्रावर अक्षरं बसवली जातात. आणि मॉनिटरला डीव्हीआय (चित्र आकड्यांच्या रूपात नेणारं सॉकेट) असेल व कॉम्प्युटरलाही डीव्हीआय किंवा एचडीएमआय असेल, तर व्हीजीए सोडूनच द्या. साधी केबल पुरते आणि क्लॉक-फेजची भानगड मुळातून जाते.

एचडीएमआयची मात्र स्वतःची एक खोड आहे. कॉम्प्युटर कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतो आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ एवढेच उजेडाचे टप्पे पाठवतो. काळा रंग राखेसारखा दिसतो, सगळं चित्र विटलेलं वाटतं, आणि लोक म्हणतात पॅनेल गेलं. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये रेंज लिमिटेडवरून फुल करा. कडा कापल्या जात असतील आणि अक्षरांभोवती पांढरी किनार दिसत असेल, तर मॉनिटरच्या मेनूत एव्ही आणि पीसी असा पर्याय आहे का बघा, तो पीसीवर ठेवा आणि शार्पनेस मूळ आकड्यावर आणा.

पिवळेपणा

पहिली गोष्ट, विंडोजमधलं नाइट लाइट (स्क्रीन पिवळसर करणारी सोय) बंद आहे का? संध्याकाळी आपोआप चालू होतं आणि बिचाऱ्या मॉनिटरवर आळ येतो. मग मेनूतलं कलर टेंपरेचर बघा. वॉर्मवर असेल तर ६५०० के किंवा नॉर्मलवर आणा.

पांढरं एकदम हळदीसारखं पिवळं दिसत असेल, निळा रंग जवळजवळ नाहीच, तर व्हीजीएची ३ नंबरची पिन तपासा. निळा रंग तिच्यावरून येतो. १ नंबरची लाल पिन सुटली तर पांढरं निळसर-हिरवं होतं, २ नंबरची हिरवी सुटली तर जांभळट गुलाबी. मुंबईच्या दमट, खारट हवेत हे नेहमीचंच. समुद्राजवळच्या घरांत केबलच्या टोकाला हिरवट थर आलेला दिसतो. मॉनिटर बंद करून प्लग दोन-तीनदा काढा-घाला, कॉन्टॅक्ट क्लीनर मिळाला तर थोडा मारा, पूर्ण वाळू द्या, मग चालू करा.

याने काही झालं नाही आणि पिवळेपणा हलका, सगळीकडे सारखा आहे, तर तो दिव्याच्या वयाचा. साधारण २०१० पर्यंतच्या बहुतेक मॉनिटरमध्ये आत सीसीएफएल म्हणजे बारीक ट्यूबलाइट असतात. वापराने त्यांचा निळा उजेड आधी उतरतो, शिवाय मागची उजेड पसरवणारी प्लॅस्टिकची पानंही पिवळी पडतात. मेनूत लाल आणि हिरवा थोडा कमी करून पांढरं परत आणता येतं, पण त्या प्रमाणात उजेडही जातो. दिवा मुळात भक्कम असेल तरच हे परवडतं.

दिवा किती उरलाय

ही तपासणी मॉनिटर अर्धा तास चालल्यावरच करा. सीसीएफएल थंड असताना मंद आणि गुलाबीसर असते, तापल्यावर खरा रंग दाखवते. चालू केल्या केल्या दिलेला निकाल धरू नका.

दिवसा, खोलीत रोज असतो तेवढ्याच उजेडात, ब्राइटनेस १०० करा आणि पूर्ण पांढरं पान उघडा. ए-फोरचा कोरा कागद स्क्रीनच्या शेजारी, त्याच बाजूला तोंड करून धरा. खिडकीचं किंवा ट्यूबचं प्रतिबिंब स्क्रीनवर नको. स्क्रीन कागदापेक्षा उजळ दिसली तर दिव्यात जीव आहे, आणि ब्राइटनेस कमी करून दोन्ही सारखे दिसतील तिथे ठेवला की डोळ्यांना बरं वाटतं. १०० वर दोन्ही जेमतेम सारखे असतील तर मॉनिटर चालेल, पण खिडकीपासून लांब. स्क्रीन कागदापुढे करडी दिसत असेल तर तो मॉनिटर वाचनासाठी संपला. बाकी बरंच दुरुस्त करता येतं, गेलेला उजेड घरबसल्या परत आणता येत नाही, आणि सहा-सहा तास वाचणाऱ्या मुलांच्या डोळ्यांवर तो भार टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

मागच्या स्टिकरवरची तारीख बघताना तासांचा हिशेबही करा. सीसीएफएलचं आयुष्य म्हणजे उजेड निम्म्यावर येईपर्यंतचा काळ, आणि तो साधारण ३० ते ५० हजार तास धरतात. ऑफिसात दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस म्हणजे ३००० तास. दहा वर्षं निघतात. सीसीटीव्हीला लावलेला मॉनिटर चोवीस तास चालतो, वर्षाला ८७६० तास. साडेतीन वर्षांतच तो ३० हजारांच्या पुढे जातो. म्हणून अलीकडची तारीख असलेला पण वॉचमनच्या केबिनमधून आलेला मॉनिटर जास्त म्हातारा असू शकतो. करड्या स्क्रीनवर चार खिडक्यांची फुली पुसटशी दिसली तर तो तिथूनच आलाय. असे डाग कधी पूर्ण पांढरी स्क्रीन काही तास चालू ठेवून फिके होतात, कधी होत नाहीत.

रंग आणि छटा

पेंटमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर चार चौकोन काढा. लाल, हिरवा, निळा तिन्हींचे आकडे सारखे ठेवायचे: पहिल्यात ५, मग १०, १५, २०. मंद उजेडात १० चा चौकोन दिसायला हवा. पांढऱ्यावर २५० आणि २४५ चे चौकोन करा. ते दिसत नसतील तर कॉन्ट्रास्ट उतरवा, बरेच जण तो १०० वर चढवून पांढऱ्यातले बारकावे घालवून बसतात. डब्यावर लिहिलेलं लाखालाखाचं डायनॅमिक कॉन्ट्रास्ट विसरा आणि मेनूत ते बंद करा. चित्रागणिक दिवा वरखाली होण्याने वाचताना त्रासच होतो.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या सलग पट्टीत थोड्या पायऱ्या दिसल्या तर घाबरू नका. टीएन जातीच्या बहुतेक जुन्या पॅनेलमध्ये प्रत्येक रंगाच्या ६४ च छटा असतात, मधल्या छटा पिक्सेल झरझर बदलून भासवल्या जातात. कागदपत्रांना, कोडिंगला चालतं. लग्नाच्या फोटोंचे रंग ठरवायला चालणार नाही, तिथे आयपीएस जातीचा हवा.

टीएनची दुसरी मर्यादा आपल्या घरांत फार जाणवते. जागा नाही म्हणून मॉनिटर उंच फळीवर आणि माणूस खाली चटईवर. टीएन खालून पाहिला की वरचा भाग काळवंडतो, चेहरे उलट्या रंगाचे दिसतात. स्क्रीन पुढे झुकवून नजर काटकोनात आणा. मांडणी बदलूनच तक्रार मिटल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

रेघा, ठिपके, लुकलुक

पूर्ण लाल, हिरवी, निळी, पांढरी, काळी स्क्रीन एकेक करून बघा. १३६६ × ७६८ मध्ये दहा लाखांवर पिक्सेल असतात. त्यातला कोपऱ्यातला एखादा मेला म्हणून मॉनिटर नाकारू नये. मधोमध सतत चमकणारा हिरवा ठिपका मात्र नाकारावा, वाचताना नजर तिथेच जाते. मेनूवरूनही जाणारी उभी रंगीत रेघ म्हणजे पॅनेलच्या कडेची जोडणी सुटली. दुरुस्तीचा खर्च निघत नाही, आणि सहसा रेघा वाढत जातात. गळक्या भिंतीजवळच्या मॉनिटरमध्ये ढगासारखा डाग दिसतो, पाणी पानांमध्ये शिरलेलं असतं. तिथे दाबू नका, चोळू नका.

वर सरकत जाणारे फिके आडवे पट्टे बहुधा अर्थिंगचे. जुन्या चाळींच्या वायरिंगमध्ये हे होतं. लॅपटॉप चार्जर काढून, नुसत्या बॅटरीवर जोडा; पट्टे गेले तर कारण सापडलं. सीपीयू आणि मॉनिटर एकाच बोर्डवर लावा आणि इलेक्ट्रिशियनला अर्थिंग दाखवा. अर्थची पिन कापायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

डोळे दुखत असतील तर फोनचा कॅमेरा स्क्रीनवर धरून ब्राइटनेस ३० च्या आसपास आणा. कॅमेऱ्यात काळे पट्टे धावले आणि १०० वर ते नाहीसे झाले, तर मॉनिटर दिवा झरझर चालू-बंद करून उजेड कमी करतो. काहींना याचा खरोखर त्रास होतो. त्यांनी ब्राइटनेस वरच ठेवून कॉन्ट्रास्ट उतरवावा.

चित्र क्षणभर दिसून काळोख होतो? अंधारात टॉर्च तिरका मारा. आत अंधुक अक्षरं दिसली तर पॅनेल जिवंत आहे, दिवा किंवा त्याचा पुरवठा गेलाय. दहा वेळा बटण दाबल्यावर चालू होणं, पावसात उशिरा उठणं ही बहुतेकदा फुगलेल्या कपॅसिटरची (आतल्या वीज साठवणाऱ्या भागाची) लक्षणं. कारागिराला १०५ डिग्रीचे कपॅसिटर घालायला सांगा, काम स्वस्तात होतं. स्वतः उघडू नका, आतल्या दिव्याला शेकडो व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

जुना विकत घेताना

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, ऑफिसांतून निघालेले मॉनिटर मिळतात. दुकानात भडक व्हिडिओ लावून दाखवतात, त्यावरून काहीच कळत नाही. वरची मराठी ओळ, एकरंगी स्क्रीन आणि चौकोनांचं चित्र पेन ड्राइव्हवर घेऊन जा. दुकानदाराला आधीच सांगा, "दादा, अर्धा तास चालू ठेवा, चहा घेऊन येतो." खरा दुकानदार हरकत घेत नाही. परत आल्यावर कागद शेजारी धरा, मेनू उघडा, अडॅप्टर मूळचा आहे का बघा, आणि बदलून द्यायची मुदत बिलावर लिहून घ्या.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून रंग ठरवू नका. फोन पांढरं आपल्या मनाने सुधारतो, आणि फोटोतल्या लाटा तर कॅमेऱ्याच्या असतात. करड्या स्क्रीनचा आणि मेनूतल्या माहितीच्या पानाचा फोटो मागवा, डाग, रेघा आणि रेझोल्यूशन तेवढ्यावरून कळतं.

तपासून झाल्यावर जो खरंच संपलाय तो भंगारवाल्याला फोडायला देऊ नका. सीसीएफएलच्या नळ्यांमध्ये पारा असतो. तो अख्खाच ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्रात द्या. केबल, स्टँड आणि चालू अडॅप्टर मात्र काढून ठेवा, पुढच्या मॉनिटरला लागतात.